गाठमावशी आणि कुजलेला ताणा

गाठमावशीला विणता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर विणकरांच्या गल्लीतली बाई म्हटल्यावर लोक समजतात की ही दिवसभर धोटा फेकत बसत असणार. लग्नाच्या आधी एकदा तिने हौसेने वीतभर कापड विणलं होतं. तिच्या आईने ते उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाली, "चहा गाळायला होईल." त्यानंतर मावशी कधी मागावर बसली नाही.

तिचं काम मागाच्या पाठीमागचं. माग कसा असतो बघा. पाठीमागच्या जाड लाकडी दांड्यावर हजारो दोरे गुंडाळलेले असतात, त्याला म्हणायचं ताणा. त्यातला प्रत्येक दोरा पुढे येतो, उभ्या चौकटींमधल्या तारेच्या एका बारीक डोळ्यातून जातो, मग फणीच्या एका फटीतून बाहेर पडतो, आणि विणकराच्या पुढ्यात त्याचं कापड होतं. कुठला दोरा कुठल्या चौकटीच्या डोळ्यात ओवलाय, त्यावर नक्षी ठरते. ताणा संपत आला की विणकर तो पुरता संपू देत नाही. जुन्या दोऱ्यांची टोकं डोळ्यांत तशीच ठेवतो आणि मावशीला हाक मारतो. मावशी मागाच्या पोटात शिरते, चौकटींमागे पाटावर बसते, बोटांना राख लावते आणि जुन्या एकेका टोकाला नवा एकेक दोरा पिळून सांधत जाते. सगळे सांधून झाले की पुढून कापड हळूहळू ओढायचं. जुने दोरे जाता जाता नव्यांना हाताला धरून आपल्या वाटेने घेऊन जातात. नव्याला वाट ठाऊक असायची गरजच पडत नाही.

हे तिला आईने शिकवलं ते केसांवर. घरात सूत वाया घालवायचं नाही म्हणून मग बहिणीची वेणी, शेजारणीचं गंगावन, जे मिळेल ते. एकदा तर दुपारी झोपलेल्या आत्याचे केस तिने खाटेच्या सुतळीला असे बेमालूम सांधले की आत्या उठली आणि खाटही उठली. आत्या ओरडत होती आणि आई खाटेवर वाकून गाठी बघत होती. "एकही सुटत नाही," आई म्हणाली. मार मिळायचा तो मिळालाच, पण दुसऱ्या दिवसापासून आईने तिला सोबत न्यायला सुरुवात केली.

नवरा टेंपो चालवतो. त्याची एकच तक्रार, की बायको झोपेत पांघरुणाच्या दशा पिळते. "सकाळी उठावं तर मी गुंडाळीत," असं तो चारचौघांत सांगतो.

आणि मग नदी आली.

नदी म्हणजे एरवी गल्लीच्या खाली, धोब्यांच्या पलीकडे, आपल्या मर्यादेत वाहणारी बाई. तिने त्या वर्षी कुणाची भीडभाड ठेवली नाही. पायऱ्या चढली, उंबरे ओलांडले, मागांवर बसली, भिंतीवरच्या घड्याळांपर्यंत गेली. माणसं आधीच वरच्या शाळेत हलली होती म्हणून वाचली. माग कोण हलवणार? माग जमिनीत रोवलेला असतो, घराचा एक खांबच तो. पाणी उतरल्यावर लोक परतले तेव्हा प्रत्येक घरात गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलात तो सांगाडा उभा, अंगभर राड, जणू कुणी तरी बुडून उभ्याउभ्याच गेलं.

मावशीचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं, तेही आतून धुऊन निघालं होतं. कुणी तरी विचारलं, "मावशी, तुमचं काय काय गेलं हो?"

"माझं काय जायचंय! पाट गेला आणि राखेचा डबा गेला," ती म्हणाली. "राख तर आता पुष्कळ होईल, ओली चूल पेटली की."

पण गल्लीत पाय टाकला आणि तिने कान टवकारले. घराघरांतून कात्रीचा आवाज येत होता. कचाकच, कचाकच. जो तो आपल्या मागावरचा ताणा कापून बाहेर फेकत होता. विणकराचा स्वभावच तसा. बोटभर डाग पडलेलं सूत त्याला मागावर सहन होत नाही, आणि हे तर सडलेलं, वास मारणारं. मदतीची गाडीही येऊन गेली होती. एका संस्थेचा माणूस, सगळे त्याला मदतवाला म्हणायचे, दारोदार फिरून नवं सूत, नवे ताणे देत होता. नवं मिळाल्यावर जुनं कोण ठेवतो? ज्यांच्या मागावर साध्या चादरी निघायच्या, त्यांचं काही बिघडत नव्हतं. साधी ओवणी कुणीही पुन्हा ओवील. मावशी मान हलवत, चिखल तुडवत सरळ गल्लीच्या टोकाच्या घराकडे निघाली. चपला चिखलाने ओढून घेतल्या, त्या तिने तिथेच सोडल्या.

टोकाच्या घरात चिमणीच्या पावलांची शाल विणली जायची. किनारीवर काळ्या धाग्याने उमटणारी बारीक पावलं, तीन बोटं पुढे, एक मागे, दोन्ही काठांनी समोरासमोर वर चढत जाणारी. ही ओवणी घरातल्या म्हाताऱ्या विणकराने पोरवयात आपल्या बापाच्या हाताखाली बसून एकदाच केली होती. त्यानंतर ती कुणी पुन्हा केलीच नाही. आधी मावशीची आई आणि मग मावशी, दोघी नुसत्या सांधत आल्या. म्हाताऱ्याने मधे एकदा दुसऱ्या मागावर तीच नक्षी आठवून ओवायला घेतली. मोठ्या डौलात बसला. निघाली काय, तर कावळ्याची पावलं. त्यानेच रागाने उसवून टाकली आणि पुढे कुणी तो विषय काढला की तो तंबाखू शोधायला उठायचा. आता तो म्हातारा हयात नव्हता. ती ओवणी कुठे होती म्हणाल, तर त्या एका मागाच्या तारेच्या डोळ्यांत. बाकी जगात कुठे नाही.

मावशी दारात पोचली तेव्हा म्हाताऱ्याची सून मागाजवळ उभी होती. हातात मोठी कात्री.

"कापलंस?" मावशीला धाप लागली होती.

"कापतेय."

"एखादा तरी दोरा कापलास?"

"अजून नाही. वास बघा ना मावशी, नाक जळतंय माझं."

"मग नाक काप, ताणा नको कापू. दे ती कात्री इकडे."

सून चिडली. ती मुळात चिडकी नाही, पण आठवडाभर चिखल उपसून कुणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. "मावशी, हात लावला तर तुटतंय हे सूत. मदतवाले भाऊ नवा मागच देतायत, शुक्रवारी गाडी येतेय. खोली एक, माग दोन कसे मावतील? आणि नक्षी नक्षी काय करताय? मामंजींनी कधी मला ओवणी शिकवली? तू विण म्हणाले, मी विणलं. आता त्यांचं गुपित पाण्यात गेलं तर माझा काय दोष?"

"दोष कोण लावतंय बाई? त्याला तरी कुठे येत होती! येत असती तर कावळा निघाला असता का?"

सुनेला हसू आलं. आणि हसता हसता ती त्या चिखलात मटकन बसली आणि रडली. मावशीने तिला रडू दिलं. तोवर कात्री तिने स्वतःच्या कमरेला खोचून ठेवली होती.

"मला फोटो काढून ठेवता येईल," सून नाक पुसत म्हणाली. तिने काढलाही. त्यात सगळा चिखल आला. दोरे, तारा, चौकटी, सगळ्यांवर एकच राखाडी साय वाळून बसली होती आणि दोरे एकमेकांना असे चिकटले होते की कोण कुणाच्या घरात शिरलाय, डोळ्यांना कळेना. वाट एकच होती. त्या मेलेल्या दोऱ्यांनीच नव्यांना आपापल्या डोळ्यातून ओढून न्यायचं. शेवटची खेप.

"नाही जमलं तर?" सुनेने विचारलं.

"तर शुक्रवारी गाडी आहेच."

मग काम सुरू झालं. म्हाताऱ्याची बायको, सगळ्या गल्लीची काकू, शेजारच्या माडीवरून पाठीला उशी लावून हे बघायची आणि वरून हुकूम सोडायची. "पाणी लावू नका!" "दार उघडं ठेवा!" "ऊन नको गं, वारा हवा!" मावशी खालून म्हणायची, "काकू, तुमचा आवाज नको, खोकला होईल."

सूत आधी वाऱ्यावर वाळू दिलं. मग मावशीने दाढीच्या मऊ ब्रशने, जो टेंपोवाल्याचा होता आणि ज्यावरून घरी एक भांडण व्हायचं बाकी होतं, दोऱ्यांवरचा चिखल भुकटी भुकटी करून झाडला. तारेचा एकेक डोळा काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून पुसला. सुनेने मैद्याची पातळ खळ शिजवली. ती खळ मावशीने दोऱ्यांना लावली कशी, तर दुखऱ्या पोराला औषध लावतात तशी, फुंकर घालत. खळ वाळली की सडक्या सुतात थोडा ताठपणा येतो. बळ येत नाही. पण उभं राहण्याइतका अभिमान येतो.

मग ती सांधायला बसली. पाट नव्हता, म्हणून उलटी बादली. एक जुना दोरा मोकळा करायचा, एक नवा घ्यायचा, राखेची चिमूट, अंगठा आणि बोट, पीळ, पुढचा. एरवी या कामात तिचं तोंड अखंड चालतं, गल्लीतल्या लग्नांपासून भांडणांपर्यंत सगळं त्या पिळात जातं. या वेळी ती गप्प होती. सून घाबरून गेली. "मावशी, काही तरी बोला ना. तुम्ही गप्प बसलात की कुणी तरी आजारी असल्यासारखं वाटतं."

"आहेच की आजारी," मावशी म्हणाली. "तूच बोल. मी ऐकते."

तर सून बोलत राहिली. नवी लग्न होऊन आली तेव्हा पावड्या दाबून दाबून पोटऱ्या कशा भरून यायच्या, मामंजी मागे उभे राहून नुसतं "हं" कसं म्हणायचे, "हं" चांगलं की वाईट ते कळायला तिला किती वर्षं लागली. पावड्या म्हणजे मागाच्या खालच्या पट्ट्या. पायाने दाबल्या की चौकटी वर उचलल्या जातात. बोलता बोलता तिचे पाय जमिनीवर नकळत हलत होते. मावशीने ते पाहिलं आणि पुढचा दोरा उचलला.

ओढायचा दिवस उजाडला तेव्हा नेमका मदतवालाही आला. उंच, चष्मेवाला, बूट चिखलाने दुप्पट झालेले. "ताई, गाडी निघालीय," तो दारातून म्हणाला, "जुना माग बाहेर काढायला माणसं आणू का?" आणि आतलं दृश्य बघून दारातच थांबला.

"भाऊ, बूट काढा आणि दोऱ्यांत घातलेल्या या काठीचं टोक धरा," मावशी म्हणाली. "हलवू नका. शिंक आली तर गिळा."

त्याने मुकाट्याने धरलं. सून पुढे बसून कापड गुंडाळायचा दांडा बोटाबोटाने फिरवू लागली. मावशी मागे, डोळे चौकटींवर. गाठी पुढे सरकल्या. डोळ्यांपाशी आल्या. पहिल्या गाठी तारेच्या डोळ्यांतून आत शिरताना एक बारीक आवाज होतो, पावसाची भुरभुर पानांवर पडावी तसा. तो आवाज आला. राखाडी, मेलेलं सूत पुढे जात होतं आणि त्याच्या मागोमाग पांढरं स्वच्छ सूत, प्रत्येक दोरा आपापल्या डोळ्यातून, न चुकता, न विचारता. मदतवाला बघण्याच्या नादात पुढे वाकला आणि काठी कलली. "हलवू नका म्हटलं ना," मावशी पुटपुटली.

आणि तेवढ्यात डाव्या काठाला चर्र झालं.

वीतभर पट्ट्यातले दोरे एकदम तुटले. जुने पुढे निघून गेले, नवे मागे लोंबत राहिले, आणि मधे तारेचे रिकामे डोळे. एखाददुसरा दोरा तुटला तर काही नसतं, रिकामा डोळा एकच असतो, त्यात ओवायचा. इथे सगळी वस्तीच रिकामी झाली. कुठल्या दोऱ्याने कुठलं घर गाठायचं, सांगणारं कुणी उरलं नाही. आणि तुटलं ते नेमकं किनारीचं, पावलांचं.

मावशी बादलीवर तशीच बसून राहिली. आयुष्यभर तिने दोरा बघितला होता, नक्षीकडे कधी बघितलंच नव्हतं. नक्षीची चिंता करणं तिचं कामच नव्हतं. "मला नाही येत," ती म्हणाली. "ह्याच्या पुढचं मला नाही येत गं."

माडीवरून काकूचा आवाज आला, "काय झालं? कुणी बोलत का नाही?"

सुनेने दांड्यावरचा हात काढला. ती उठली नाही. तिने पाय पावड्यांवर टेकवले. मग तिने डोळे मिटले आणि एक पावडी दाबली. उजव्या काठाचे काही दोरे वर उचलले गेले. दुसरी दाबली. दुसरे काही उचलले गेले. तिसरी. ती विणत नव्हती, धोटा हातात नव्हता, नुसते पाय चालत होते.

"मावशी," ती डोळे न उघडता म्हणाली, "एका काठाने चिमणी वर जाते आणि दुसऱ्या काठाने तीच, आरशात दिसावी तशी. तीच. पाय माझे दोन्हीकडे एकच चालतात. उजवीकडचं बाहेरून आत मोजत या, तेच डावीकडे बाहेरून आत ओवा."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आत्ता कळलं. पायांना माहीत होतं बहुतेक."

म्हाताऱ्याला जे आठवून जमलं नव्हतं ते या पोरीच्या पोटऱ्यांत इतकी वर्षं मुरत होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता, तिला स्वतःलाही नव्हता. मदतवाल्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

मग सून पावडी दाबायची, उजव्या काठाचा दोरा कुठल्या चौकटीसोबत उठला ते मदतवाला वाकून बघायचा आणि सांगायचा, आणि मावशी डाव्या काठाला ओवायची. "पहिली." "हं." "तिसरी." "हं." "पहिली. नाही, थांबा थांबा, दुसरी." "भाऊ, नीट बघा, नाहीतर बदक निघेल." दुपार कलली तरी कुणाला भुकेची आठवण नव्हती. शेवटचा डोळा भरला तेव्हा मावशीच्या बोटांची राख संपून नुसती कातडी उरली होती.

सुनेने धोटा उचलला. मदतवाला पुढे येऊन उभा राहिला. धोटा गेला, आला. फणी आपटली. पुन्हा. पुन्हा. बोटभर कापड झालं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड मावळत गेला. वर काहीच नव्हतं. नुसते सुटे धागे, इकडे तिकडे टांगलेले, ना पाऊल ना काही.

"नाही आलं," तो हळूच म्हणाला. "ताई, नाही आलं ना?"

सून आणि मावशीने एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना हसू फुटलं. "भाऊ, शाल पालथी विणतात," सून म्हणाली. "तोंड खाली असतं तिचं. खाली वाका."

तो माणूस वाकला, मग गुडघ्यांवर आला, मग त्या अर्धवट वाळलेल्या चिखलात चक्क उताणा झोपला आणि मागाखाली सरकला. त्याचे पाय तेवढे बाहेर.

"भाऊ? काय दिसतंय?"

आतून नुसतं "अरे बापरे" आलं. मग थोड्या वेळाने, "गाडीवाल्याला फोन करा कुणी तरी. हा माग हलवायचा नाही म्हणावं. नवा माग शेजाऱ्यांना द्या, ज्याला हवा त्याला द्या."

तो बाहेर आला तेव्हा त्याची पाठ चिखलाने भरली होती आणि तोंडावर पोरासारखं हसू होतं. "मावशी, तुम्ही बघा," तो म्हणाला.

"मी काय बघू? मी सांधणारी," मावशी म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की खरंच, तिने हे कधी पाहिलेलं नाही. दुकानात लटकलेल्या शाली पाहिल्या होत्या, घडी घातलेल्या पाहिल्या होत्या. पण गाठी फणीपुढे आल्या की तिचं काम संपायचं, दुसऱ्या घरची हाक यायची, ती हात धुऊन निघून जायची. विणणं सुरू व्हायचं ते तिच्या पाठीमागे. तिच्या आईचंही तसंच गेलं असणार.

गुडघे कुरकुरले, पण ती खाली गेली. मागाखाली गारवा होता, ओल्या लाकडाचा वास होता. वर बघितलं तर तोंडापासून हातभर अंतरावर पांढरं कापड आभाळासारखं ताणलेलं, आणि त्यावर बारीक काळी पावलं. धडाक, फणी बसली आणि एक बोट उमटलं. धडाक, दुसरं. पाऊल तिच्या डोळ्यांसमोर पूर्ण झालं आणि लगेच पुढचं सुरू झालं. कुणीच दिसत नव्हतं. पक्षी नव्हता, हात नव्हता, पाय नव्हते, नुसतं ते पाऊल टाकणं तेवढं दिसत होतं. तिला वाटलं आपण कुणाच्या तरी घराखाली चोरून पडलोय आणि वरून कुणी तरी निवांत चालत चाललंय. ज्या नदीने घड्याळं बुडवली, खांब हलवले, तिला या एवढ्याशा जिवाची वाट पुसता आली नव्हती. मावशीच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानांत उतरलं. ते पुसायलाही तिने हात उचलला नाही.

माडीवरून काकू ओरडत होती, "मला खाली न्या! अरे, मला कुणी खाली न्या! मलाही बघायचंय!"

सुनेने धोटा थांबवला. "मावशी? मावशी, झोपलात की काय? बाहेर या, काकूंना आणायचंय."

"आण तिला. मी सरकते, दोघी मावू," आतून मावशी म्हणाली. "पण तू थांबू नकोस गं. अर्धं पाऊल हवेत आहे, ते आधी टेकव."